पिक्चर टाकून मिळतील

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांची लढाई जपान-अमेरिकेत झाली आणि तिचा निकालही तिकडेच लागला. नांदेड-लातूरच्या घरांत मात्र पिक्चर वेगळ्याच रस्त्याने आला. त्या रस्त्याचा हा मागोवा.

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. सराफा, कापड, भांडी, भुसार. प्रत्येक मालाचा रस्ता ठरलेला. दहा-बारा वर्षांपूर्वी या रस्त्यांच्या तोंडाशी, गांधी चौकाकडे, बसस्टँडच्या आजूबाजूला मोबाइलची दुकानं दाटीवाटीने उभी राहिली होती. रिचार्ज, कव्हर, चार्जर यांच्या जोडीला एक ओळ काचेवर चिकटवलेली असायची: गाणे व पिक्चर टाकून मिळतील. नांदेडात वजिराबाद, हिंगोली गेट, देगलूर नाक्याकडेही तीच ओळ. गिऱ्हाईक मोबाइलमधून नखाएवढं कार्ड काढून द्यायचं, दुकानदार ते कॉम्प्युटरला लावायचा, आणि पहिला प्रश्न व्हायचा, ‘किती बसतील?’ चित्र साफ आहे का, हा प्रश्न झालाच तर नंतर.

‘किती बसतील’ या प्रश्नाची थट्टा करण्याचं कारण नाही. घरबसल्या सिनेमा पाहण्याच्या गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासात कंपन्या एकच गोष्ट सांगत आल्या: आमच्या यंत्रातलं चित्र जास्त स्पष्ट आहे. मराठवाड्याच्या बाजाराने दर वेळी वेगळी मोजपट्टी लावली. एका रुपयात किती पिक्चर येतात, लाइट गेली तरी चालतात का, आणि बघून झाल्यावर दुसऱ्याला देता येतात का. या तीन कसोट्यांवर जपानच्या नामांकित कंपन्या इथे नापास झाल्या आणि नखाएवढं कार्ड पास झालं.

एका रात्रीत तीन

1982 च्या 15 ऑगस्टला दूरदर्शनचं राष्ट्रीय प्रक्षेपण रंगीत झालं आणि नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ भरले. त्याच ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर देशात मोठ्या संख्येने शिरले ते या काळात. दूरदर्शनचा सिग्नल धड लागत नव्हता तिथेही व्हीसीआर चालायचा, कारण त्याला अँटेना लागत नाही. घरात यंत्र असणारे मोजके होते, पण भाड्याने आणणारे गल्लोगल्ली. गणपतीत, लग्नाच्या आदल्या रात्री, बारशाला ‘व्हिडिओ आणणे’ हा कार्यक्रमच असायचा. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी सायकलरिक्षातून यायच्या. वर्गणी ठरलेली, सतरंजी अंगणात. सकाळी यंत्र परत करायचं असल्याने तीनही पिक्चर रात्रीतच संपवायचे. तिसऱ्या पिक्चरला निम्मी गल्ली झोपलेली असायची, पण पैसे तिन्हींचे दिलेले असल्याने बंद करायचा नाही.

या यंत्राचीही एक लढाई आधी होऊन गेली होती. सोनीने 1975 मध्ये बीटामॅक्स आणलं, जेव्हीसीने 1976 मध्ये व्हीएचएस. बीटाचं चित्र किंचित सरस मानलं जायचं, पण सुरुवातीच्या बीटा कॅसेटीवर तासभरच बसायचं आणि व्हीएचएसवर दोन तास. सिनेमा तासाभरात संपत नाही. पुढे व्हीएचएसची ई-180 कॅसेट आली. तीन तासांचा हिंदी पिक्चर, गाण्यांसकट, एका कॅसेटीत. म्हणजे ‘किती बसतील’ हा प्रश्न गंजगोलाईच्या आधी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकानेही विचारला होता आणि त्याच्यापुढे सोनी हरली होती.

कायद्याला जाग यायला दोन वर्षं लागली. 1984 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन व्हिडिओ फिल्म त्याच्या कक्षेत आली. पण तोवर व्हिडिओ पार्लर नावाची संस्था तालुक्यापर्यंत पोचली होती. पत्र्याच्या खोलीत बाकडी, एक टीव्ही, दारावर हाताने रंगवलेलं पोस्टर. या खोल्यांनी फक्त चोरून सिनेमे दाखवले असं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावच्या नासिर शेखने आपल्या व्हिडिओ पार्लरमध्ये सिनेमे बघत, त्यांची काटछाट करत संकलन आत्मसात केलं आणि 2000 साली ‘मालेगाव के शोले’ बनवला. दुसरी बाजूही मराठी सिनेमानेच दाखवली. लातूरच्या बाभळगावच्या रितेश देशमुखने निर्मात्यांपैकी एक म्हणून उभा केलेला, रवी जाधव दिग्दर्शित ‘बालक-पालक’ 2013 च्या जानेवारीत आला. भाड्याच्या व्हीसीआरवर पोरं चोरून काय पाहायची, हा त्याचा विषय. तो पाहताना चाळिशी ओलांडलेले प्रेक्षक जास्त हसत होते.

सीडी अडकूलाली

1993 मध्ये फिलिप्स, सोनी, जेव्हीसी आणि मात्सुशिता यांनी व्हिडिओ सीडीचं प्रमाण ठरवलं. गाण्याच्या सीडीवरच 74 मिनिटांचं चित्र. रेषा 288, म्हणजे टीव्हीवर साधारण व्हीएचएसइतकंच, गडबडीच्या दृश्यात त्याहून वाईट. अमेरिका-युरोपने ही चकती जवळपास पाहिलीच नाही; ते थेट डीव्हीडीवर गेले. चीन, हाँगकाँग, भारत या देशांनी ती उचलली. कारणं उघड होती. कॅसेटीसारखी फीत नाही म्हणून बुरशी नाही, हेड साफ करायला नको, प्लेअर स्वस्त आणि चकतीची नक्कल मिनिटांत.

नांदेडला माल यायचा तो बहुतेक हैदराबादच्या कोटीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. नाव कधी न ऐकलेल्या चिनी कंपन्यांचे प्लेअर घरोघर आले. तीन तासांचा पिक्चर तीन सीड्यांवर, आणि सीडी बदलण्याची वेळ नेमकी मारामारीत किंवा गाण्यात. चरा पडलेली सीडी लागली की पडद्यावर चौकोन-चौकोन व्हायचे, आवाज तोतरा व्हायचा आणि घरातून हाळी यायची, ‘सीडी अडकूलाली!’ मग सीडी काढून सदऱ्याला पुसायची, फुंकर मारायची, पुन्हा घालायची. ती चालायची, हे महत्त्वाचं. चित्र फुटायचं, पण पिक्चर पुढे सरकायचा.

हिंदी सिनेमा हे सीडीचं निम्मंच पोट होतं. बाकीच्या निम्म्यात जे आलं त्यातल्या बऱ्याचशाला तोवर घरच्या पडद्यावर यायला वाटच नव्हती: इंदुरीकर महाराजांची कीर्तनं, बाबामहाराज सातारकरांचे हरिपाठ, माहूरच्या रेणुकेची गाणी, दादा कोंडके, लक्ष्मीकांत बेर्डे, भरत जाधवची नाटकं. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरच्या आगेमागे भीमगीतांच्या सीड्यांचे ढीग लागायचे. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गुरबानीच्या सीड्या. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू. 2005 चा ‘द अंग्रेज’ आणि 2006 चा ‘हैदराबाद नवाब्स’ हे दखनी बोलीतले सिनेमे हैदराबादबाहेर पसरले ते मुख्यतः सीडीवरून, आणि नांदेडच्या इतवाऱ्यातल्या माणसाला त्यातली भाषा समजावून सांगावी लागत नव्हती. थिएटरवाल्यांना परवडणार नाही, दूरदर्शनला झेपणार नाही, अशा बोली आणि असे विषय 288 रेषांच्या चकतीवर बसून आले.

2007 च्या सुमारास मोझर बेअरने या बाजारात उडी मारली. 1983 मध्ये सुरू झालेली ही दिल्लीची कंपनी. फ्लॉपी आणि कोऱ्या सीड्या बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक. तिने सिनेमांचे हक्क घेतले आणि अधिकृत व्हीसीडी 28 रुपयांना, डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. हिशेब सरळ होता: चोरीच्या सीडीएवढ्याच पैशांत अस्सल, छापील कव्हरसकट मिळाली तर चोर काय विकणार? किराणा दुकानात, पानपट्टीशेजारी, एसटी स्टँडवर या डीव्हीड्या टांगलेल्या दिसू लागल्या.

चोरांनी उत्तर शोधलं. डीव्हीडीत 4.7 जीबी जागा असते. कंपन्यांनी ती जागा एका सिनेमाचं चित्र सुधारायला वापरली. बाजाराने तीच जागा सहा सिनेमे कोंबायला वापरली. ‘सिक्स इन वन’. एका चकतीवर सनी देओलचे सहा किंवा मकरंद अनासपुरेचे सहा. चित्र पुन्हा व्हीसीडीच्या पातळीवर, पण 30-40 रुपयांत अठरा तासांची सोय. कंपनीने भावात बरोबरी केली, पण मोजपट्टी एका सिनेमाची होती आणि गिऱ्हाइकाची रुपयाची. 2018 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाने मोझर बेअरच्या अवसायनाचा आदेश दिला. तिच्या पडण्यामागे सौरऊर्जेतलं कर्ज आणि इतर कारणंही होती, पण चकतीचा धंदाच तोवर आटला होता.

तिकडची लढाई

‘सिक्स इन वन’चे दिवस इकडे भरात असताना तिकडे चकतीची शेवटची मोठी लढाई चालू होती. तिचं मूळ प्रकाशाच्या रंगात आहे. सीडी वाचणारा लेझर 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा 650 चा तांबडा. तरंग जितका आखूड तितके खड्डे बारीक, आणि तेवढ्याच चकतीवर जास्त माहिती. 405 नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर हाती आल्यावर दोन तट पडले. तोशिबा आणि एनईसी यांनी एचडी डीव्हीडी काढली: एका थरात 15 जीबी. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स आणि सोबत्यांनी ब्लू-रे: एका थरात 25 जीबी, दोन थरांत 50. चित्र दोन्हींत सारखंच, 1080 रेषांचं.

फरक चकतीच्या पोटात होता. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून 0.6 मिलिमीटर आत, म्हणजे डीव्हीडीसारखाच. त्यामुळे जुन्या कारखान्यांत थोडे फेरफार करून ती छापता यायची. ब्लू-रेत तो थर फक्त 0.1 मिलिमीटर आत. जागा वाढली, पण कारखाना नवा हवा आणि चऱ्यापासून वाचवायला वर कठीण लेप हवा.

2006 च्या मार्चमध्ये तोशिबाचा पहिला प्लेअर जपानात विकायला आला. जूनमध्ये अमेरिकेत सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर. नोव्हेंबरमध्ये सोनीने खेळाच्या यंत्रातच, प्लेस्टेशन 3 मध्ये, ब्लू-रे घालून दिला. ज्याने गेमसाठी यंत्र घेतलं त्याच्या घरात चकतीही गेली. हॉलीवुडचे स्टुडिओ वाटून घेतले गेले: डिस्ने, फॉक्स ब्लू-रेकडे, युनिव्हर्सल आणि नंतर पॅरामाउंट एचडी डीव्हीडीकडे. 4 जानेवारी 2008 रोजी वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेची बाजू घेतली. पाठोपाठ वॉलमार्टही. 19 फेब्रुवारीला तोशिबाने हार जाहीर केली. दोन वर्षांत निकाल.

हा निकाल लागला तेव्हा नांदेड-लातूरच्या बाजारात दोन्हीपैकी काहीच नव्हतं, आणि नसण्याला कारणं होती. 1080 रेषा दिसायला तेवढा टीव्ही हवा. इथल्या घरांत 21 इंची, पाठीला कुबड असलेला काचेचा टीव्ही होता. त्यावर ब्लू-रे लावली तरी ती डीव्हीडीसारखीच दिसणार. 2007 मध्ये भारतात आलेल्या प्लेस्टेशन 3 ची किंमत चाळीस हजारांच्या घरात होती. ब्लू-रेवरचा एक सिनेमा हजार रुपयांच्या आगेमागे. त्या हजारात मोझर बेअरच्या 29 डीव्हीड्या येत होत्या आणि ‘सिक्स इन वन’च्या हिशेबाने दीडशेच्या वर पिक्चर. मराठी सिनेमा त्या चकतीवर यायचाच नाही, मग कीर्तन आणि भीमगीत तर दूरच.

आणि वीज. त्या काळात महाराष्ट्रात चार-पाच हजार मेगावॉटचा तुटवडा होता. भारनियमनाचं वेळापत्रक गळती आणि वसुलीवर ठरायचं, त्यामुळे मराठवाड्याच्या खेड्यांत बारा-बारा तास अंधार. ज्याला आपला पिक्चर लाइट जायच्या आत संपेल की नाही याची खात्री नाही, त्याला जास्त रेषांचं आमिष कोण दाखवणार? राज्यातला मोठा भाग भारनियमनातून सुटला तो 2012 च्या अखेरीस. तोवर लोकांनी विजेवर न चालणारा रस्ता शोधून काढला होता.

दोन ते आठ

व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं ते 15 ऑगस्ट 1995 ला. सरकारच्या 2004 च्या धोरणाने 256 केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटलं आणि 2005 मध्ये बीएसएनएलचा डेटावन आला. त्या वेगाने ब्लू-रेची 25 जीबीची चकती उतरवायची म्हटली तर अखंड नऊ दिवस लागले असते. डीव्हीडीला चाळीस तास. पण इंटरनेटवरच्या चोरबाजाराने सिनेमा 700 एमबीत दाबून बसवण्याची रीत पाडली होती, कारण एका कोऱ्या सीडीत तेवढंच मावतं. 256 केबीपीएसने 700 एमबी उतरायला सहा तास लागतात. आणि बीएसएनएलच्या ‘नाइट अनलिमिटेड’ योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ इंटरनेट फुकट असायचं. बरोबर सहा तास! पुढे वेग 2 मेगाबिटपर्यंत गेला आणि त्या सहा तासांत एकाऐवजी सातेक सिनेमे उतरू लागले.

कॉम्प्युटर असणारा गल्लीतला एखादाच. लातूरच्या ट्यूशन एरियात, नांदेडच्या श्रीनगर-भाग्यनगरात, कॉलेजच्या होस्टेलांत अशी एकेक खोली असायची जिथला संगणक रात्रभर गुणगुणायचा. सकाळी तो ऐवज हार्डडिस्कवर, तिथून पेनड्राइव्हवर, तिथून दुकानात, आणि दुकानातून कार्डावर. इंटरनेट असं तालुक्यापर्यंत वायरीने न जाता खिशातून गेलं. उदगीर, अहमदपूर, कंधार, मुखेड, किनवटला पोचलेल्या पिक्चरने इंटरनेटचा प्रवास फक्त पहिल्या टप्प्यात केलेला असायचा. पुढचा सगळा एसटीने.

कार्डावर सिनेमा आणखी दाबला जायचा, 350 एमबीपर्यंत. 4 जीबीच्या कार्डात दहा पिक्चर. पडदा तीन इंची असल्याने चित्राचं फाटलेपण दिसायचं नाही. मुख्य म्हणजे हे सगळं बॅटरीवर चालायचं. शेतातल्या आखाड्यावर राखणीला बसलेला माणूस, ऊसतोडीला गेलेली टोळी, मोंढ्यात गाडी रिकामी व्हायची वाट पाहणारा ड्रायव्हर. यांच्यापाशी टीव्ही कधीच पोचला नव्हता, पिक्चर पहिल्यांदा पोचला तो कार्डातून. आणि दुसऱ्याला द्यायचा तर ब्लूटूथ, पुढे शेअरइट. वायर नको, पैसे नकोत, मूळ प्रत आपल्यापाशी तशीच.

यातलं बहुतेक बेकायदेशीर होतं, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. महाराष्ट्राने 2009 मध्ये झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेट्सनाही घातलं. वर्षभर विनाखटला आत ठेवण्याची तरतूद. 2023 मध्ये केंद्राने सिनेमॅटोग्राफ कायदा बदलून किमान तीन महिने तुरुंगवास आणि तीन लाख दंड ठरवला. तरीही कायद्याने कार्ड थांबलं नाही. ते थांबलं दुसऱ्याच कारणाने.

2016

त्या वर्षीच्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, तेव्हा लातूरच्या नळाला पाणी नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाणी घेऊन लातुरात शिरली. त्याच महिन्याच्या 29 तारखेला ‘सैराट’ लागला. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा शंभर कोटींची कमाई करणारा पहिला मराठी सिनेमा ठरला, आणि त्याची चोरटी प्रत गावोगावच्या कार्डांत फिरत असतानाही थिएटर ओसंडत होती. ज्यांनी मोबाइलवर पाहिला होता तेही ट्रॅक्टर करून शहरात पाहायला गेले. पायरसीने सिनेमा मरतो, या सरसकट विधानाला एवढा एक अपवाद नोंदवून ठेवायला हवा.

जुलैमध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगातला व्हीसीआरचा तो शेवटचा मोठा उत्पादक. 5 सप्टेंबरला जिओ आलं आणि डिसेंबरमध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ.

जिओपूर्वी एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचे. त्या दराने ब्लू-रेची एक चकती उतरवायला सहा हजारांच्या वर रुपये लागले असते. जिओने 2017 च्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट दिला. सहा महिन्यांच्या आत दहा कोटी गिऱ्हाईक. कार्ड भरून देणाऱ्या दुकानांचा धंदा बसला तो पोलिसांच्या छाप्याने नाही, फुकट डेटाने. काचेवरची ओळ गेली, तिच्या जागी टेम्पर्ड ग्लास आणि आधार-पॅनची कामं आली.

आता चित्राच्या गुणवत्तेचा दिवस उगवायला हवा होता. घडलं उलटं. 2019 च्या जुलैमध्ये नेटफ्लिक्सने भारतासाठी खास 199 रुपयांची फक्त-मोबाइल योजना काढली. चित्र 480 रेषांचं, म्हणजे मोझर बेअरच्या 34 रुपयांच्या डीव्हीडीच्या बरोबरीचं, काकणभर कमीच. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्या मोठ्या कंपन्यांनी मोबाइलवरचं चित्र काही आठवडे 480 वर उतरवलं आणि फारशी ओरड झाली नाही. गंजगोलाईतल्या गिऱ्हाइकाने जी निवड केली होती ती अखेर कॅलिफोर्नियातल्या कंपनीनेही दरपत्रकात छापली.

ज्यांच्या दिवाणखान्यात आज 55 इंची टीव्ही आहे त्यांनाही एक आकडा माहीत असावा. ब्लू-रेत चित्रासाठी सेकंदाला 40 मेगाबिटपर्यंत माहिती वाहू शकते. नेटवरून 1080 चं चित्र पाहायला नेटफ्लिक्स सुचवतं तो वेग 5 मेगाबिट. रेषा तेवढ्याच, पण त्यांत भरलेला मजकूर कितीतरी विरळ. अंधाराची दृश्यं, धूर, पाऊस यांत तो फरक डोळ्यांना दिसतो. चित्राच्या दृष्टीने ब्लू-रे हरण्यासारखी नव्हतीच. 2008 ची लढाई ती जिंकली, पण त्याच्या आदल्याच वर्षी, 2007 च्या जानेवारीत, पोस्टाने डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून सिनेमा दाखवायला सुरुवात केली होती. ब्लू-रेने ज्याला हरवलं तो तिचा खरा प्रतिस्पर्धी नव्हता. 2023 च्या सप्टेंबरअखेर नेटफ्लिक्सने शेवटची चकती पोस्टात टाकली आणि 2025 च्या फेब्रुवारीत सोनीने कोऱ्या ब्लू-रे चकत्यांचं उत्पादन बंद केलं.

हातातून हातात

मराठवाड्याच्या तीन कसोट्यांपैकी दोन स्ट्रीमिंगने पार केल्या. रुपयात पिक्चर भरपूर आणि लाइट गेली तरी मोबाइल चालू. तिसरीत मात्र ते अडतं. कॅसेट, सीडी, कार्ड हे सगळं एकाचं दुसऱ्याला देता यायचं. विकत घेतलेली सीडी शेजाऱ्याला बघायला देणं हा कायद्यानेही गुन्हा नव्हता. भाड्याने देण्याचा धंदा करायचा तर मालकाची परवानगी लागायची. ॲपवर मात्र आपण पिक्चर घेत नाही, बघण्याची मुभा घेतो. 2023 च्या जुलैमध्ये नेटफ्लिक्सने भारतात घराबाहेर पासवर्ड देण्यावर बंदी आणली. शेजाऱ्याला पिक्चर द्यायचा उरलासुरला मार्गही तिथे संपला.

शिवाय ॲपवरच्या सिनेमाचा पत्ता कायम नसतो. रितेश देशमुखचा ‘वेड’ 30 डिसेंबर 2022 ला थिएटरात लागला, पुढच्या एप्रिलमध्ये डिस्ने प्लस हॉटस्टारवर आला. 2025 च्या फेब्रुवारीत ते ॲपच जिओसिनेमात विलीन होऊन जिओहॉटस्टार झालं. मोठा सिनेमा अशा घर बदलण्यातून वाचतो, कारण त्याचा मालक जागा आहे आणि त्याला किंमत आहे. पण सीडीच्या पोटातलं ते दुसरं निम्मं? तालुक्याच्या पार्टीने काढलेलं भीमगीत, यात्रेतल्या तमाशाचं चित्रण, एकाच वर्षी चाललेलं आणि नंतर विसरलं गेलेलं नाटक, दखनीतली हास्यमैफल. काढणारी कंपनी बुडाली, मास्टर हरवली, कलाकार गेला. यांतलं थोडं यूट्यूबवर कुणीतरी हौसेने चढवलं आहे. बाकीचं अजून सीडीवरच आहे, लोकांच्या कपाटात.

घरातली लग्नाची कॅसेट हा यातला सर्वांत नाजूक ऐवज. ‘शोले’ हजार ठिकाणी सापडेल, 1991 मधल्या आपल्या थोरल्या काकांच्या वरातीची प्रत एकच. व्हीएचएस वाचायला चालू व्हीसीआर लागतो आणि ते आता भंगारातच मिळतात. सीडीवर उतरवून घेतलं म्हणून निश्चिंत असलेल्यांनी जास्त काळजी करावी. कंपनीची सीडी साच्यातून छापलेली असते, माहितीचे खड्डे प्लॅस्टिकमध्येच उठवलेले. फोटो स्टुडिओने दिलेली लग्नाची सीडी कोऱ्या चकतीवर जाळलेली असते. तिच्यात रंगाचा सेंद्रिय थर असतो आणि तो ऊन, उष्णता, वय यांनी उडतो. लातूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात ठेवलेली अशी सीडी 28 रुपयांच्या ‘गल्लीत गोंधळ, दिल्लीत मुजरा’च्या आधी मरते. ती आजच संगणकात घालून दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवणं एवढं प्रत्येक घराला जमण्यासारखं आहे.

सगळ्यांच्या मालकीचं जे आहे त्याचं काय, हा प्रश्न संस्थांचा. पुस्तक छापलं की 1954 च्या कायद्याने त्याच्या प्रती ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. सीडीवर निघालेल्या कीर्तनाला किंवा नाटकाला असं बंधन नव्हतं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून सिनेमे जपतं, पण देगलूरच्या सीडीपर्यंत त्याचा हात पोचणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. ते काम नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं आहे, ज्याच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चारही जिल्हे येतात आणि ज्याचं उपकेंद्र लातुरातच आहे. जिल्हा ग्रंथालयं आहेत, कॉलेजांचे मराठी आणि पत्रकारिता विभाग आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांनी एका दिवाळीच्या सुट्टीत गावातली कपाटं धुंडाळली, सीड्यांची यादी केली, चालणाऱ्या उतरवून घेतल्या, तर मराठवाड्याच्या वीस वर्षांच्या बोलीचा, गाण्याचा आणि विनोदाचा असा संग्रह उभा राहील जो कुठल्याही ॲपपाशी नाही. हक्कांचे प्रश्न येतील. ते जपून ठेवण्याच्या आड येत नाहीत, दाखवण्याच्या येतात, आणि दाखवायचं नंतर ठरवता येतं.

चित्र किती स्पष्ट, या प्रश्नात आपण कधी अडकलो नाही आणि त्यात आपलं नुकसानही झालं नाही. ‘किती बसतील’ हे विचारून आपण वीज, पैसा आणि अंतर या तिन्हींवर मात केली. आता जागा इतकी स्वस्त झाली आहे की एका कार्डात गावातल्या ढीगभर सीड्या सहज मावतील. मग प्रश्न एवढाच उरतो की त्या कार्डात काय टाकायचं, आणि हे ठरवायला आता दुकानदार नाही. आपल्यालाच यादी करावी लागेल.